ऑइल फिल्टरपाशी गळती: फिल्टर नवा, आवळलाही, तरी थेंब थांबेना (ठाणे)

खाडीपलीकडचा

मंडळी, गाडीतल्या जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, साठ हजारांच्या पुढे चाललेली. राहायला घोडबंदर रोडला पातलीपाडा, ऑफिस महापेला. म्हणजे रोज माजिवडा, कळवा नाका, विटाव्याचा तो रेल्वेपूल आणि मग ठाणे-बेलापूर रोड. मेट्रोच्या कामापासून घोडबंदरची काय अवस्था आहे ते ठाणेकरांना सांगायला नको. गाडी चालते कमी, उभी राहून तापते जास्त.

गेल्या सर्व्हिसिंगनंतर पार्किंगमध्ये गाडीखाली काळा डाग दिसायला लागला. आधी वॉचमनने सांगितलं, मग सेक्रेटरींनी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. (फोटोत डाग कमी आणि माझा गाडी नंबर जास्त.) वाकून पाहिलं तर ऑइल फिल्टरच्या खालच्या टोकाला थेंब लटकलेला. बोट लावलं तर इंजिन ऑइलच.

गॅरेजवाल्याने फिल्टर आणखी आवळून दिला. दोन-चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. त्याने नवा फिल्टर टाकला, तोही करकचून आवळला. तरी थेंब आहेच. आता वागळे इस्टेटमधला दुसरा एक मेकॅनिक म्हणतो, "साहेब, टायमिंग कव्हरचं पॅकिंग गेलंय, पुढचं सगळं उतरवावं लागेल." आकडा पाच अंकी सांगितला. विटाव्याच्या जॅममध्ये कधीकधी जळक्या तेलाचा वासही येतो.

इंजिन खोलायला द्यायच्या आधी घरच्या घरी काय तपासता येईल?

कट्टेकरी

सेक्रेटरींच्या गाडीखाली एक थेंब टाकून या. निम्मा प्रश्न सुटेल.

स्पष्टबोल्या

वॉरंटी शिल्लक असेल तर कशालाही हात लावू नका, थेट कंपनीच्या वर्कशॉपला न्या. नसेल तर वरच्या विनोदवीरांकडे दुर्लक्ष करून पुढचे प्रतिसाद वाचा. आणि तो जळका वास हलक्यात घेऊ नका. तेल एक्झॉस्टवर पडत असेल तर ती आगीची गोष्ट आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डला लागूनच असतो आणि तो प्रचंड तापतो.

बारातेरा

खाडीपलीकडचे, पाच अंकी आकड्याला तूर्तास नमस्कार करून ठेवा. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या.

डिपस्टिकवर पातळी कुठे आहे? गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी बघा. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. त्यावरून किती तेल जातंय याचा अंदाज येईल.

लाल ऑइलचा दिवा कधी लागतो का? तो पातळीचा दिवा नव्हे, दाबाचा आहे. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की लागतो. चालत्या गाडीत तो पेटला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही, तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं.

तिसरं, फिल्टरचा फक्त तळ ओला आहे, की तो जिथे इंजिनला बसतो तिथला वरचा काठही?

माझं निम्मं आयुष्य वागळे इस्टेटमध्ये गाड्यांखाली गेलंय. फिल्टरच्या टोकाला थेंब लटकला म्हणजे फिल्टर गळतो असं मुळीच नाही. सोसायटीत छत झिरपतं एका फ्लॅटचं आणि ओल दिसते दुसऱ्याच खोलीत, त्यातलाच हा प्रकार. फिल्टर इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो. वरून टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, कॅमचं सील, ऑइल प्रेशर स्विच यांतलं काहीही पाझरलं तरी तेल ब्लॉकवरून ओघळत येतं आणि सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूच्या टोकाशी थांबतं. फिल्टर बिचारा तिथे उभा असतो म्हणून मार खातो.

मोगरा

वाचतेय. माझ्या गाडीलाही ऐरोलीत असाच प्रकार झाला होता, पण ती फिल्टरचीच भानगड होती. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि त्यावर नवा फिल्टर, म्हणजे दोन रिंगा एकावर एक. पार्किंगमधून निघाले तेव्हा काही नाही, आणि ऐरोलीच्या पुलावर चढेपर्यंत मागे तेलाची धार. दिवा लागल्या लागल्या इंजिन बंद केलं म्हणून वाचलं.

बारातेरा

मोगराताई, लगेच बंद केलंत हे फार बरं केलंत. दुहेरी रिंगेची गळती अशीच असते, थेंब थेंब नाही, एकदम. म्हणून फिल्टर काढला की त्याच्या तोंडाला रिंग आहे का ते बघायचं, आणि इंजिनवरची बसायची जागा फडक्याने पुसून वरून बोट फिरवायचं. एवढंच काम आहे, पण घाईत नेमकं तेच राहतं.

धागाकर्त्यांच्या गाडीत ते असतं तर इतके दिवस थेंबावर भागलं नसतं.

नेरुळकर

फिल्टरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण "आवळला, अजून आवळला" हे वाचून हात शिवशिवले.

हा डब्यासारखा फिल्टर पान्याने आवळायची वस्तूच नाही. रिंगेला नव्या तेलाचं बोट फिरवायचं, हाताने फिरवत न्यायचा, रिंग टेकली की तिथून पुढे साधारण पाऊण फेरा. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत किंवा फिल्टरच्या डब्यावरच हे छापलेलं असतं. रिंग कोरडी बसवली तर ती पत्र्याबरोबर घासत पिळली जाते. जास्त आवळला तर ती खोबणीतून बाहेर सरकते किंवा चिरते. म्हणजे गळती थांबवायला आवळलेला फिल्टर आवळल्यामुळेच गळू शकतो.

दुसरं, आटे. बाजारात दोन माप सर्रास दिसतात: एक २० मिमी, दीड मिमी पिचचं, आणि दुसरं पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी, इंचाला १६ आटे. दिसायला सारखेच. २० मिमीचा फिल्टर पाऊण इंची नळीवर चढतो, बसल्यासारखाही वाटतो, पण आटे नीट धरत नाहीत. दाब आला की ढिला. "याच गाडीला बसतो, घ्या" असं काउंटरवर सांगितलं तरी डब्यावरचा नंबर गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. नकली फिल्टरचा सुळसुळाट आहे तो वेगळाच.

आणि दाब कधी जास्त असतो? सकाळी थंड इंजिन चालू केल्या केल्या. तेल जाड असतं. फिल्टरच्या रिंगेतूनच गळत असेल तर त्या पहिल्या मिनिटात दिसेल. गरम होऊन जॅममध्ये आयडलला उभी असते तेव्हा दाब बराच खाली आलेला असतो. त्यामुळे फक्त जॅममध्येच वास येतो हे मला फिल्टरपेक्षा वरच्या कुठल्यातरी पाझरण्याकडे बोट दाखवणारं वाटतं. चालत्या गाडीत वारा वास मागे नेतो, हेही धरा.

खाडीपलीकडचा

आधी उत्तरं. पातळी दोन खुणांच्या मधोमध, सर्व्हिसिंगला वरच्या खुणेपर्यंत होती. लाल दिवा कधीच नाही. फिल्टर सगळीकडूनच ओला आणि मातकट आहे, त्यामुळे वरचा काठ की खालचा ते कळत नाही.

फिल्टरचा नंबर पुस्तिकेशी जुळतो, आताच पाहिलं.

बारातेरा

"सगळीकडूनच ओला आणि मातकट" हेच तर. अशा इंजिनाकडे बघून टायमिंग कव्हर म्हणणारा मेकॅनिक अंदाज सांगतोय, निदान नाही. आधी धुवा.

इंजिन पूर्ण थंड हवं. अल्टरनेटर आणि उघडे कनेक्टर प्लास्टिकच्या पिशवीने बांधून घ्या. इंजिन डीग्रीझर मारायचं, जुन्या ब्रशने घासायचं, कॉटन वेस्टने पुसायचं. प्रेशर वॉशवाल्याच्या हाती देऊ नका, तो पाणी जिथे जायला नको तिथे घालतो. शेवटी फिल्टर आणि त्याच्या वरच्या भागावर ब्रेक क्लीनरचा फवारा. तो उडून जातो, मागे काही ठेवत नाही. पण तो ज्वालाग्राही असतो, गरम एक्झॉस्टजवळ चुकूनही नको, आणि बेसमेंटमध्ये नको, मोकळ्या हवेत.

सगळं कोरडं झालं की साधी अंगाला लावायची टाल्कम पावडर फडक्यावर घेऊन फिल्टर, त्याची बैठक आणि वरचा ब्लॉक यांवर फुसफुस उडवा. पांढऱ्यावर काळी रेघ लपत नाही. मग इंजिन चालू करून टॉर्च घेऊन बघत राहा. काही दिसलं नाही तर एक छोटी चक्कर मारून या आणि पुन्हा बघा. थेंब कुठे लोंबतोय ते बघायचं नाही, ओलं असलेलं सगळ्यात वरचं ठिकाण शोधायचं.

आणि गाडीखाली जायचं असेल तर कंपनीने दिलेल्या जॅकवर अजिबात नाही. तो टायर बदलण्यापुरता आहे. स्टँड लावा, नाहीतर ओळखीच्या गॅरेजचा खड्डा किंवा लिफ्ट मागून घ्या.

सानपाडा_एक्सप्रेस

थोडं अवांतर. माझी डिझेल आहे, १.३ लिटर मल्टिजेट. त्यात तर डबा दिसतच नाही, काळं प्लास्टिकचं झाकण आहे. तिथे ओलं दिसतंय. हेच सगळं लागू का?

नेरुळकर

धुण्या-पुसण्याचं लागू, बाकी वेगळं. तुमच्यात कागदी कार्ट्रिज आहे आणि ते झाकण आट्यांवर बसतं. झाकणाला ओ-रिंग असते, ती प्रत्येक फिल्टरबरोबर बदलायची आणि तेल लावून योग्य खोबणीत बसवायची. झाकणावरच २५ न्यूटन मीटर लिहिलेलं सापडेल. टॉर्क पाना वापरा, नाहीतर प्लास्टिकला चीर जाते. ओल झाकणाशी नसून हाउसिंग ब्लॉकला मिळतं तिथे असेल तर ऑइल कूलरची पॅकिंग बघायला लागतील. तिथे कूलंटही असतं, म्हणून कूलंटची पातळी उतरतेय का आणि टाकीत तेलकट साय आलीय का तेही बघून ठेवा.

कट्टेकरी

एका मित्राने सांगितलं, बाटलीतलं स्टॉप लीक ओता, नाहीतर २०डब्ल्यू-५० तेल घाला, गळती आपोआप बंद.

बारातेरा

मित्राला सांगा स्वतःच्या गाडीत घाल.

स्टॉप लीक रबर फुगवतं. वय झालेलं, कडक झालेलं एखादं सील थोडं मऊ होऊन काही महिने चालेलही. पण फाटलेल्या रिंगेला, तुटलेल्या स्विचला, चुकीच्या आट्याला ते काय करणार? आणि जाड तेल: आजकालच्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं ते हौसेने नाही. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते. गळती थांबवायला इंजिनाचं तेल बदलणं हा उलटा धंदा आहे.

स्पष्टबोल्या

एक राहिलं. इंजिनात आतला दाब वाढला असेल तर चांगली सीलंही पाझरतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारे वायू बाहेर सोडणारी झडप) तुंबला की असं होतं. आयडलला ऑइल टाकायचं झाकण काढून त्या तोंडावर कागदाचा तुकडा अलगद धरा. हलकासा ओढला जायला हवा. फुरफुर बाहेर उडत असेल तर आधी तो व्हॉल्व्ह आणि त्याची नळी बघा. नाहीतर एक पॅकिंग बदलाल आणि पुढच्या महिन्यात दुसरं गळेल.

खाडीपलीकडचा

अपडेट.

रविवारी मानपाड्याच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने लिफ्ट दिली. डीग्रीझर, ब्रश, ब्रेक क्लीनर, सगळं बारातेरा काकांनी सांगितलं तसं. घरातली पावडर घेऊन गेलो, त्यामुळे गॅरेजभर चंदनाचा वास. कामगार हसत होते.

थंड इंजिन चालू केलं. फिल्टरच्या रिंगेकडे टक लावून बघत राहिलो. कोरडी. तेव्हा गाडी कासारवडवलीपर्यंत नेऊन आणली. आल्यावर फिल्टरच्या बैठकीभोवतीची पावडर जशीच्या तशी पांढरी. पण फिल्टरच्या एका अंगाला वरून खाली आलेली बारीक तपकिरी रेघ, आणि ती ब्लॉकवर आणखी वर जाते. वर एक लहानसा सहा बाजूंचा धातूचा तुकडा आहे, त्याला वर काळं प्लास्टिक आणि एकच वायर. रेघ तिथून सुरू होते.

कागदाची चाचणीही केली, कागद ओढला जातो.

बारातेरा

सापडला चोर. तो ऑइल प्रेशर स्विच. तुमचा लाल दिवा तोच लावतो. आत पातळ पडदा असतो, एका बाजूला तेलाचा दाब, दुसऱ्या बाजूला विजेचा संपर्क. पडदा फाटला की तेल धातू आणि प्लास्टिकच्या सांध्यातून किंवा थेट कनेक्टरमध्ये येतं.

खात्री करायची असेल तर इंजिन बंद असताना कनेक्टर ओढून काढा आणि आत बघा. कनेक्टरच्या पोकळीत तेल असेल तर प्रश्न संपला, स्विचच गेलाय. कनेक्टर कोरडा आणि फक्त आट्यांपाशी ओलं असेल तर स्विच ढिला बसलेला असू शकतो.

खाडीपलीकडचा

कनेक्टर काढला. आत तेल भरलेलं. वायरच्या आवरणातही थोडं वर चढलंय.

नेरुळकर

वायरीतून तेल केशाकर्षणाने चढतं, कधीकधी पार पुढच्या कनेक्टरपर्यंत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कनेक्टर नीट सुकवा, नाहीतर नवा स्विच बसवूनही आतलं जुनं तेल झिरपत राहील आणि तुम्ही पुन्हा इथे "गळती थांबली नाही" लिहाल.

मोगरा

स्विच स्वतः बदलता येतो का? की तेल सगळं बाहेर?

बारातेरा

येतो, ताई. इंजिन थंड असताना काढला तर थोडंसं तेल येतं, सगळं नाही. तेल तोवर खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, गेलेलं असतं. खाली भांडं ठेवा. खोल गोटी (सॉकेट पाना) लागते, बऱ्याच गाड्यांत २४ मिमीची. साध्या पान्याने प्लास्टिक तुटतं.

टेफ्लॉन टेपबद्दल आत्ताच सांगतो, कारण कोणीतरी गुंडाळणारच. एका वायरीच्या स्विचला अर्थिंग त्याच्या अंगातून, म्हणजे आट्यांतून मिळतं. टेप भरपूर गुंडाळली तर अर्थिंग तुटू शकतं आणि मग दाब खरोखर गेला तरी दिवा लागणार नाही. शिवाय टेपचा तुकडा सुटून तेलाच्या वाटेत गेला तर वेगळीच कटकट. बऱ्याच नव्या स्विचना आट्यांवर सीलंट आधीच लावलेलं येतं. आटे निमुळते असतात, म्हणजे जोर लावत गेलं तर ॲल्युमिनियमचं घर चिरतं. पुस्तिकेत दिलेला टॉर्क पाळा, तो फार नसतो.

बसवल्यावर इग्निशन ऑन करा, इंजिन चालू न करता. लाल दिवा लागायला हवा. मग इंजिन चालू केलं की काही क्षणांत विझायला हवा. हे दोन्ही झालं तर स्विच काम करतोय.

आणि खाडीपलीकडचे, स्विच बदलताना तो करकचून आवळलेला फिल्टरही बदलून टाका. गळत नाहीये मान्य, पण त्या रिंगेची काय दशा झाली असेल ते देव जाणे. तेल बदलायची गरज नाही, कमी झालेलं तेवढं भरा.

स्पष्टबोल्या

फिल्टर काढताना स्क्रूड्रायव्हर आरपार घुसवून फिरवायचा तो जुना प्रकार करू नका. पत्रा फाटतो आणि बुडखा इंजिनलाच राहतो. पट्ट्याचा पाना वापरा, निसटत असेल तर मध्ये सँडपेपरचा तुकडा धरा.

खाडीपलीकडचा

झालं. स्विच आणि फिल्टर दोन्ही मिळून हजाराच्या आत, त्यात मजुरीही आली. फिल्टर खरंच निघेना, सँडपेपरची युक्ती कामी आली. रिंग एका बाजूने खोबणीबाहेर आलेली होती. फोटो जोडलाय, बघा.

नवा फिल्टर माझ्यासमोर हाताने बसवला, रिंगेला तेल लावून, पाऊण फेरा. कनेक्टर दोनदा क्लीनर मारून सुकवला. दिव्याची चाचणी पास. त्यानंतर पुन्हा पावडर मारली आणि आठवडाभर महापेला जाऊन-येऊन पाहिलं. फिल्टर, स्विच, ब्लॉक सगळं पांढरं. जॅममधला जळका वास मात्र पूर्ण गेलेला नाही, कमी झालाय. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात किंचित ओल दिसते.

त्या पाच अंकी वाल्याचा फोन आला होता. सांगितलं, टायमिंग कव्हर ठीक आहे.

कट्टेकरी

आणि सेक्रेटरी?

खाडीपलीकडचा

डाग कधी साफ करणार ते विचारतायत.

मोगरा

पेव्हर ब्लॉक असतील तर आधी सुकं सिमेंट किंवा लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवा, तेल ओढून घेतं. मग भांड्यांचं साबण आणि कडक ब्रश. जुना डाग पूर्ण जात नाही, फिका होतो. तो भुसा आणि जुना फिल्टर सोसायटीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका मात्र. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजकडे द्या, ते जमा करून पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देतात. निदान द्यायला हवं.

बारातेरा

टॅपेट कव्हरची ओल आहे तर वास तिथूनच येत असणार. मागच्या कोपऱ्याखाली बहुतेक एक्झॉस्ट असेल. घाई नाही, पण पावसाळ्याच्या आत ते पॅकिंग बदलून घ्या. स्पार्क प्लगच्या विहिरींची रबरी सीलं त्याच सेटमध्ये येतात का ते विचारा, तीही बदला. बोल्ट आडवे-तिरपे क्रमाने, थोडे थोडे आवळायला सांगा. आणि कोणी सिलिकॉनची ट्यूब काढून पॅकिंगच्या अख्ख्या कडेला फासायला लागला तर हात धरा. सिलिकॉन फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या कोपऱ्यांवर, ठिपक्यापुरतं. बाकीचं आत गळून पडतं आणि चेंबरमधल्या जाळीत अडकतं.

सानपाडा_एक्सप्रेस

माझं झाकण पुसून पावडर मारली आहे. उद्या पनवेलला जाऊन येतो, मग वेगळा धागा काढतो.